रामाचा भाऊस

काकी, काल दुपारी तुम्ही आलात.

जेवून पडवीतल्या खुर्चीत पडलो होतो. डोळा लागला होता की नाही ते सांगता येणार नाही. फाटकाची कडी वाजली नाही, पण तुम्ही समोर होतात. छत्री मिटून भिंतीला टेकवलीत, पदराने मान पुसलीत आणि नेहमीचंच विचारलंत, "बाबू, काय बोलताय सरकार?" मी सावरून बसायला गेलो तर खुर्ची कचेरीतली झालेली, पुढ्यात टेबल, टेबलावर तुमची फाईल, आणि खिडकीबाहेर सगळं पांढरं. तुमच्या मालकांनी सांगितलेला तो बर्फ असावा, कारण तुम्हीही तिकडे बघून ओळखीची मान डोलावलीत. रत्नागिरीत बर्फ पडतोय याचं आपल्या दोघांनाही काही वाटलं नाही. मी फाईल उघडली, उत्तर द्यायला तोंड उघडलं, आणि बायकोने कपबशी ठेवल्याचा आवाज झाला. बघतो तर पडवी रिकामी. चहा निवेपर्यंत मी तसाच बसून होतो.

तुम्हाला जाऊन अठरा दिवस झाले. नव्वदी ओलांडलेलं माणूस गेलं की लोक म्हणतात, सोनं झालं. तुमच्या बाराव्याला चौघांनी तेच म्हटलं आणि मीही मान हलवली. पण मला तुम्हाला एक गोष्ट सांगायची होती. पंचवीसेक वर्षं सांगायची होती, आणि ती राहिली. आता लिहून सांगतो. बोलण्यापेक्षा लिहिणं मला पहिल्यापासून सोपं. "तुमी सगळा लिवता, बोलत काय न्हाय," असं तुम्हीच मला एकदा सुनावलं होतंत.

तुम्ही पहिल्यांदा कचेरीत आलात तेव्हा मला नोकरी लागून दुसरंच वर्ष होतं. माजी सैनिकांची गाऱ्हाणी जिथे येतात तिथला मी कारकून. गाऱ्हाणी बहुतेक इंग्रजांच्या फौजेतल्यांची. लढाई संपल्यावर या माणसांना एक कागद हातात देऊन पेन्शनीशिवाय घरी पाठवलेलं. पाठवणारं सरकार समुद्रापलीकडे निघून गेलं, आणि इथलं नवं सरकार बरीच वर्षं त्यांच्याकडे ही आपली माणसं नव्हेत अशाच नजरेने बघत राहिलं. मग कधीतरी त्या म्हाताऱ्यांना आणि त्यांच्या विधवांना मानधन द्यायचं ठरलं, आणि आमच्या पायऱ्यांवर पांढऱ्या टोप्या आणि नऊवारी लुगडी दिसायला लागली. कुणाचा कागद वाळवीने खाल्लेला, कुणाचा पावसात विरघळलेला. एका आजोबांचं वय पलटणीच्या कागदात असं काही लिहिलेलं की हिशेबाने ते स्वतःच्या आईपेक्षा चार वर्षांनी मोठे निघत. त्यांनाही आम्ही गंभीरपणे उत्तर पाठवलं, "वयाबाबत खुलासा करावा." अशी उत्तरं लिहिणं हे माझं काम. अक्षर चांगलं होतं आणि भाषा सरकारी येत होती. साहेब खूश असायचे.

तुम्ही देवरूखच्या पुढच्या डोंगराकडच्या वाडीतून पहाटेची एसटी धरून आला होतात. बाकावर बसला नाहीत. टेबलाशी येऊन उभ्या राहिलात आणि म्हणालात, "बाबू, माज्या मानसाचा कागद पायजे." आमच्याकडे बाबू म्हणजे घरातला लाडाचा पोरगा. कचेरीतला बाबू तो वेगळा. तुम्ही मला त्यातला कोणता म्हणायचात, ते मला शेवटपर्यंत कळलं नाही.

मी मानधनाचा फॉर्म पुढे केला. तुम्ही तो बाजूला सारलात. पैसे आले तर नको म्हणणार नाही, पण आधी कागद, असं तुमचं म्हणणं. मालक जाऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती. ते सोळाव्या वर्षी घरातून पळून पलटणीत गेले, खेचरांच्या तुकडीत लागले, बोटीतून इटलीला गेले आणि चार वर्षांनी परत आले. आले ते नुसते. बिल्ला नाही, बूट नाही, कागद होता तो बोरीबंदरावर ट्रंकेसकट चोरीला गेला. गावात सांगायला लागले की तिकडे आभाळातून तांदळाची कणी पडावी तसं पांढरं पडतं, खेचराच्या नाकपुडीतली वाफ मिशीवर गोठते. गाव हसलं. मुंबईला जाऊन एखाद्या खाणावळीत भांडी घासत बसलेला असणार, आणि आता लढाईच्या बाता मारतोय, असं ठरलं. वाडीतला प्रत्येक दुसरा पुरुष मुंबईला, त्यामुळे न दिसलेली चार वर्षं म्हणजे मुंबई, हा हिशेब सगळ्यांना पटला. त्यांना "पलटणवाले" म्हणून हाका मारायचे, त्या टवाळीच्या. जन्मभर. "माज्या मानसाला गावान खोटा ठरवलान, बाबू," तुम्ही म्हणालात. "तो खोटा नव्हता, येवडा सरकारान लिवून द्यावा." एवढीच मागणी होती. इतकी साधी मागणी त्या टेबलावर मी नंतर कधी पाहिली नाही.

आणि मग नावाचं आलं. रेशनकार्डावर नाव होतं गोविंद, ते तुम्हाला उच्चारावं लागलं नाही, मी वाचून घेतलं. पण तुम्ही हळूच सांगितलंत की पलटणीत ह्यांचं नाव वेगळं होतं. वय बसत नव्हतं म्हणून मोठ्या भावाचा शाळेचा दाखला घेऊन गेले आणि त्याच्याच नावाने भरती झाले. थोरल्या दिराचं नाव. मी म्हटलं, सांगा. तुम्ही पदर तोंडावर धरलात. नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही, तसंच थोरल्या दिराचंही नाही. आमच्या आईनेही जन्मभर घेतलं नाही, म्हणून मला त्यात नवल वाटलं नाही. शेजारच्या टेबलावरचे दोघे मात्र हसायला लागले. जेवणाची वेळ झाली होती, मागे आणखी चौघे उभे होते. मी म्हटलं, "काकी, खूण सांगा." तुम्ही पदराआडून म्हणालात, "रामाचा भाऊस."

मी लिहिलं, लक्ष्मण.

'गोविंद उर्फ लक्ष्मण.' ते उर्फ घालायचं मला सुचलं म्हणून मी स्वतःवरच खूश झालो. खाली नियमाप्रमाणे एक वाक्य लिहावं लागतं, 'वरील मजकूर अर्जदारास वाचून दाखविला, तो बरोबर असल्याचे त्यांनी सांगितले.' ते मी झोकात लिहिलं आणि तुमचा अंगठा घेतला. वाचून दाखवलं नाही. डबा उघडायची घाई होती. त्या दिवशी डब्यात काय होतं तेसुद्धा आज आठवत नाही.

त्यानंतर सहा-सात वर्षं सरकार लक्ष्मणाला शोधत होतं. सरकारी काम अन् सहा महिने थांब म्हणतात, पण आमच्याकडे सहा महिन्यांत नुसता आवक क्रमांक पडायचा. उत्तरं यायची ती माझ्याच हातून तुम्हाला जायची. 'सदर नावाची व्यक्ती अभिलेखात आढळून येत नाही.' 'अधिक तपशील सादर करावा.' ते पाकीट घेऊन तुम्ही वर्षातून दोनदा यायचात, एकदा भात कापून झाल्यावर आणि एकदा काजूच्या दिवसांत. पाकीट माझ्यापुढे ठेवून विचारायचात, "काय बोलताय सरकार?" मी उघडायचो, गंभीर चेहऱ्याने वाचल्यासारखं करायचो आणि सांगायचो, "शोधतंय, काकी. फौज मोठी होती, वेळ लागतो." मला वाटायचं, मी दया करतोय. 'आढळून येत नाही' हे शब्द तुमच्यासारखीच्या तोंडावर कसे फेकायचे? तुम्ही मान डोलवायचात, बाकावर टेकायचात, आणि मग खरी गंमत सुरू व्हायची, कारण एसटीला अवकाश असायचा.

तुमच्या मालकांना मी कधी पाहिलं नाही, पण त्यांची इटली मी तुमच्या तोंडून इतकी ऐकली की कधी कधी वाटतं, मीच तिथे होतो. एक डोंगर, आपल्या सड्यासारखा उघडा, पण पांढरा. एक देऊळ, त्याची घंटा वाजवायला माणूस उरलेला नाही म्हणून वाऱ्याने वाजते. एक म्हातारी, जिने ह्यांना दारातच बसवून कसलंसं पिठलं वाढलं आणि ते खाताना डोक्यावरून हात फिरवत राहिली. ती म्हातारी बोलायला लागली की तुमचाच आवाज यायचा. तुम्ही देवरूखच्या पलीकडे रत्नागिरी आणि एकदा मुंबई एवढंच पाहिलेलं, पण त्या डोंगरावरून तुम्ही पाय कुठे घसरतो ते ठाऊक असल्यासारख्या उतरायचात. मी पेन हातात धरून ऐकत राहायचो. पुढच्या अर्जदाराला दोनदा खाकरावं लागायचं.

आणि ते बैल. मालक नांगर धरताना बैलांना "आवांती, आवांती" म्हणून ओरडायचे, आणि बैल निघायचे. गावाला वाटायचं, शिवी असेल. मी आमच्याकडे येणाऱ्या एका म्हाताऱ्या सुभेदारांना विचारलं. ते इटलीला जाऊन आलेले. खोखो हसले. म्हणाले, तिकडे असंच म्हणतात, पुढे चला. तुम्हाला हे सांगितलं तेव्हा तुम्ही बाकावरून उठून उभ्या राहिलात. "मग लिव ना ता सरकारला!" मी म्हटलं, काकी, बैलांची साक्ष सरकार घेत नाही. तुम्ही त्यावर हसला नाहीत. मला माझा विनोद तेव्हा फार आवडला होता, आज आवडत नाही.

रामनवमीच्या आदल्या दिवशीची गोष्ट. तुम्ही आलात, पिशवीत ओले काजू. कचेरीच्या मागच्या देवळात सकाळचं कीर्तन लागलं होतं आणि कर्ण्यातून सगळं आत ऐकू येत होतं. बुवा भरतभेटीला आले होते. तुम्ही बोलता बोलता थांबलात, बोट वर केलंत. "ह्यो बग," तुम्ही म्हणालात, चेहरा असा फुललेला. "ह्यो नाव. ह्याच नावान हे लढायला गेलेले."

मी म्हटलं, "कोणतं?"

"आता बोल्ला ना बुवा. पादुका घेतलान तो."

मला पहिल्यांदा कळलंच नाही. मग कळलं. मी म्हटलं, "काकी, लक्ष्मण ना?" शाळेत गणित चुकल्यावर मास्तर बघायचे तसं तुम्ही माझ्याकडे बघितलंत. "लक्ष्मन कसा असंल, बाबू? लक्ष्मन संगती गेला. मागं घराकडं ऱ्हायला तो कोन?"

बरोबरच होतं. लढाईच्या सगळ्या वर्षांत तुमचे थोरले दीर भरत घरी राहून नाचणी लावत होते आणि त्यांचं नाव इटलीत खेचरं हाकत होतं. रामायणात राम वनात गेला आणि त्याचं नाव घरी राहिलं, इथे नेमकं उलट, एवढाच फरक. सहा-सात वर्षं मी सगळ्या फौजेत नसलेला माणूस शोधायला लावला होता, आणि असलेला माणूस तिथे एका ओळीत स्वस्थ पडून होता. तुम्ही काजू काढून टेबलावर ठेवत होतात. तुम्हाला काय झालंय याचा पत्ता नव्हता, निदान मला तसं वाटलं. मी ते उचलून खणात ठेवले.

आता जे सांगायचं राहिलं ते.

त्याच दुपारी, तुमची एसटी निघायच्या आधी, मी दुरुस्तीचा अर्ज लिहिला. गोविंद उर्फ भरत. पण दुरुस्ती का, ते लिहावं लागतं. खरं लिहायचं तर मीच वाचून न दाखवता 'वाचून दाखविला' असं लिहिलं होतं, म्हणजे खोटा शेरा मारला होता. त्या वर्षी माझी बढती होती. लग्न ठरलेलं होतं. मी पेन झटकलं आणि लिहिलं, 'अर्जदाराने अनवधानाने चुकीचे नाव सांगितले होते.' तुम्ही पुन्हा अंगठा दिलात, न विचारता. शाई पुसायला मी माझा रुमाल दिला आणि तुम्ही म्हणालात, बाबू चांगला हाय.

उत्तर आलं, या वेळी लवकर. 'अर्जदाराने पूर्वी एक व आता दुसरे नाव सांगितले असल्याने कथनात विसंगती आहे. सबब विचार करता येत नाही.' भरताला कुणी शोधलंसुद्धा नाही. ज्या वाक्याने मी वाचलो, त्याच वाक्याने तुम्ही खोट्या ठरलात. नवऱ्याला गावाने खोटं ठरवलं, बायकोला सरकारने, आणि सरकारच्या वतीने ते लिहून देणारा मी. तुम्ही पाकीट घेऊन आलात, काय बोलताय सरकार म्हणालात, आणि मी म्हटलं, शोधतंय.

चोराच्या मनात चांदणं. तुम्ही कशाबद्दलही बोललात तरी मला वाटायचं, आता त्यावर येणार. म्हणून मीच तुमच्याशी वाद काढायचो. आठवतं? मी म्हणायचो, एकदा तोंडाने नाव घेतलं असतंत तर हे रामायण झालं नसतं. तुम्ही म्हणायचात, नाव घेतलं की त्या माणसाचं आयुष्य कमी होतं. मी म्हणायचो, ते दोघेही गेले, आता कुणाचं कमी होणार? "ते गेले म्हनून माजी जीभ सुटली काय?" मी म्हटलं, बरं, उखाण्यात घ्या, उखाण्यात चालतं. त्यावर तुम्ही इतक्या हसलात की डोळ्यांत पाणी आलं. "ह्यांचा घेईन उखान्यात. भावोजींचा कसा घेऊ? त्यांच्याशी लगीन लागला हाय काय माजा?" सगळी कचेरी हसली. तो वाद तुम्ही जिंकलात. पण खरं सांगू, तो वाद मी उकरून काढायचो तो दोष तुमच्या जिभेवर टाकायला. तुमची जीभ चुकली नव्हती. तुम्ही खूण बरोबर दिली होती. रामाला भाऊ तीन, आणि मी पहिला आठवला तो लिहून मोकळा झालो.

बढती मिळाली, मुलं झाली, कचेरीत संगणक आले, पायऱ्यांवरच्या टोप्या एकेक करून कमी झाल्या. तुम्ही येत राहिलात. पुढे तुमचे गुडघे गेले तेव्हा मी यायला लागलो. निवृत्त झाल्यावर तर दर दोन महिन्यांनी. घरच्यांना सांगायचो, देवरूखला काम आहे. काम कसलं, तुमच्या अंगणात बसून तुमच्या हातचं घावन खायचं आणि पुन्हा एकदा त्या पांढऱ्या डोंगरावर जाऊन यायचं. दुपारी तुमच्याकडे सगळं असं निवांत असायचं की समोरचा डोंगर आपला की तिकडचा, हे मला क्षणभर समजायचं नाही. माझी आई मी कॉलेजात असताना गेली. ते घावन खाताना मी ती गेली आहे हे विसरत असे. हे तुम्हाला कधी म्हटलं नाही, तेही आज म्हणून टाकतो.

गेल्या वर्षी धीर केला, पण अर्धाच. आमच्या कचेरीत माझ्या हाताखाली शिकलेला एकजण आता मोठ्या खुर्चीवर आहे. त्याला तुमच्या जुन्या फाईलचा क्रमांक देऊन म्हटलं, भरत या नावाचा एक शोध घे बाबा, माझ्यासाठी. का, ते सांगितलं नाही. त्याने पाठवलं. उत्तर आलं ते या माघात. ते खिशात घालून मी तुमच्याकडे आलो. तुम्ही खाटेवर होतात, आवाज पार खोल गेलेला. सुमनने, तुमच्या लेकीने, तुम्हाला उशी देऊन बसवलं. तुम्ही डोळे न उघडता विचारलंत, "काय बोलताय सरकार?"

कागद खिशात होता. हात खिशावर होता. पण तो वाचायचा तर त्यातली एक ओळ समजावून सांगावी लागली असती, आणि त्या ओळीत मी होतो. मी म्हटलं, "शोधतंय, काकी."

तुम्ही माझा हात थोपटलात. चौथ्या दिवशी तुम्ही गेलात.

बाराव्याची पंगत उठल्यावर सुमन मला मागल्या दारी घेऊन गेली. तिथे तुमची ती पिशवी होती, सगळी पाकिटं नीट लावलेली. ती म्हणाली, "दादा, ही तुमी घेऊन जा. आयेन सांगितलेला." मी म्हटलं, तिला वाचता आलं असतं तर बरं झालं असतं. सुमन माझ्याकडे बघत राहिली. "मी सातवी शिकलेली हाय, दादा. पाकीट आला की मीच वाचून दाखवायची तिला. मग शितं लावून परत चिकटवायची, आनि ती तुमच्याकडं घेऊन यायची."

मला आठवलं, पाकिटाच्या कडेला भाताचं वाळलेलं शीत असायचं. मी नखाने काढून टाकायचो.

सगळी पत्रं? मी विचारलं. सगळी, ती म्हणाली. ते चुकीचं नाव सांगितल्याचंही? तेही. "मी चिडलेली. म्हटला, जाऊन इचारते बाबूला. तर बोल्ली, नको इचारूस. लाजंल तो. मग यायचा न्हाय." मी म्हटलं, मग सगळं ठाऊक असून मला का विचारत राहिली, सरकार काय बोलतंय म्हणून? सुमनने पदराने नाक पुसलं. "मी पन इचारला तिला. बोल्ली, सरकार काय बोलता ता कागदात हाय. बाबू कदी काय बोलतो, ता बगायला जाते."

तीस वर्षं, काकी. गुडघे चालत होते तोवर वर्षातून दोनदा पहाटेची एसटी. तुम्ही सरकारच्या उत्तराची वाट बघताय असं मी समजत होतो, आणि तुम्ही माझी बघत होतात. प्रत्येक वेळी मला एक संधी देऊन, एसटीची वेळ होईपर्यंत थांबून, तुम्ही परत जात होतात. मी त्या मागल्या दारी उभा राहून रडलो. सुमनने पाणी आणून दिलं. कुणी पाहिलं की नाही ठाऊक नाही, आणि पाहिलं असेल तर पाहू दे.

आता सरकार काय बोलतंय ते ऐका. माघात आलेला कागद आहे, जसा आहे तसा वाचतो. 'भरत या नावाची, आपण नमूद केलेल्या गावची व्यक्ती युद्धकाळात खेचरांच्या तुकडीत नोकरीस होती व इटली येथे होती, असे अभिलेखावरून दिसून येते.' होती, काकी. सापडली. डोंगर होता, बर्फ होता, खेचरं होती. पुढे म्हणतंय, 'तथापि सदर व्यक्ती अर्जदाराच्या पतीचे ज्येष्ठ बंधू असून, ती व पती एकच असल्याचे सिद्ध होत नाही. अर्जदाराने यापूर्वी स्वतःच चुकीचे नाव सांगितले असल्याचे नमूद आहे. सबब प्रकरण दप्तरी दाखल.' म्हणजे सरकारच्या मते लढाईला थोरले गेले. तेव्हा मी एक ओळ खरी लिहिली असती तर भरताला तेव्हाच शोधलं असतं, थोरले घरीच होते अशी साक्ष द्यायला वाडीत चार म्हातारे जिवंत होते, आणि तो कागद घेऊन तुम्ही स्वतःच्या पायांनी गावात गेला असतात. हे मी तुमच्यापासून हिरावलं. क्षमा मागायला तोंड नाही, तरी मागतो.

पण सरकारने यात एक चूक केली आहे, आणि सरकारच्या चुका मला बऱ्या कळतात. थोरले त्या सगळ्या वर्षांत घरी होते. शेत कसत होते, खोताला खंड घालत होते, त्याच्या नोंदी तालुक्याच्या दप्तरात असणार. गेल्या आठवड्यात देवरूखला जाऊन दोन दिवस धूळ खाल्ली, आणि सापडल्या. त्या वर्षांच्या, दरसालच्या, थोरल्यांच्या सहीसकट. एक माणूस एकाच वेळी डोंगरात नाचणी लावून इटलीत खेचरं हाकू शकत नाही. मग त्याच्या नावाने गेला तो कोण, एवढंच मी विचारणार आहे. कचेरीतल्या पोराने मला समजावलं, काका, मयताच्या प्रकरणात कशाला पडता, तुमच्याच अंगाशी येईल. येऊ दे म्हटलं. कागद मिळाला तर तो घेऊन मी वाडीत जाईन आणि देवळापुढे उभा राहून मोठ्याने वाचीन. नाही मिळाला तर पुन्हा अर्ज करीन.

सोमवारी देतोय. तुमचा अर्ज आता घेणार नाहीत, म्हणून अर्जदार मी आहे. सकाळी सुमनला फोन लावून सगळा मजकूर वाचून दाखवला, एक शब्द गाळला नाही. त्याची सुरुवात अशी आहे, काकी: 'पार्वतीबाईंनी चुकीचे नाव सांगितले नव्हते. त्यांनी बरोबर सांगितले होते. नीट ऐकून घेणे हे माझे काम होते, ते मी केले नाही, आणि दोष त्यांच्यावर लिहिला.'